चेटकिणीआडचे सेलम

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या शहराची दोन चिन्हे आहेत. पहिले पोलिसांच्या गाड्यांवर दिसते : झाडूवर बसून उडणारी, टोकदार टोपीची चेटकीण. दुसरे नगरपालिकेच्या अधिकृत मुद्रेवर आहे : ताडाची झाडे, हातात छत्री घेतलेला पौर्वात्य पोशाखातला एक पुरुष, मागे शिडे उभारलेले जहाज आणि भोवती लॅटिन बोधवाक्य. त्याचा अर्थ होतो, 'समृद्ध इंडियाच्या अगदी शेवटच्या आखातापर्यंत'. इथे 'इंडिया' म्हणजे केवळ आपला देश नव्हे. त्या काळच्या अमेरिकी खलाशांच्या लेखी केप ऑफ गुड होप ओलांडल्यानंतर लागणारा सगळा मुलूख या शब्दात येत होता. मुद्रेवरचा तो पुरुषही सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतातला मानला जातो. तरीही बोधवाक्यात आपल्या देशाचे नाव असलेले हे अमेरिकी शहर मराठी वाचकाला जवळपास अपरिचित आहे. सेलम म्हटले की आपल्याला तमिळनाडूतले पोलादाचे गाव आठवते.

माझ्या वाचनात हे शहर आले ते अहमदनगरच्या वाटेने. मुंबई इलाख्यातील मुलींच्या पहिल्या शाळा आणि त्या काढणारे अमेरिकन मराठी मिशन यांच्याविषयी टिपणे काढताना या मिशनचा उगम कुठला, हा प्रश्न पडला. तो धागा धरून मागे जाता जाता मी 1812 सालच्या सेलमला पोहोचलो. तिथे पोहोचल्यावर लक्षात आले की बंदर, चर्च आणि कापडगिरणी या तीन ठिकाणांहून या शहराचा आपल्याशी संबंध येतो, आणि तिन्ही ठिकाणे चेटकिणीच्या सावलीत झाकली गेली आहेत. म्हणून आधी त्या चेटकिणीबद्दल बोलणे भाग आहे.

1692

सेलमची वसाहत रॉजर कॉनंट याने 1626 मध्ये वसवली. म्हणजे 2026 हे तिचे चारशेवे वर्ष. तेथील मूळ रहिवाशांचे या जागेचे नाव नॉमकीग. नंतर आलेल्या प्युरिटन मंडळींनी 'शांती' या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून तिला सेलम म्हटले. याच शांतीच्या गावात 1692 मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून दीडशेहून अधिक लोकांना पकडण्यात आले. एकोणीस जणांना फाशी झाली. त्यांत चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष होते. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने आरोपाला उत्तर देण्यासच नकार दिला, तेव्हा त्याच्या छातीवर दगडांचे ओझे वाढवत नेऊन त्याला मारण्यात आले. किमान पाच जण तुरुंगात मेले. जाळले मात्र कोणालाही नाही. जिवंत जाळण्याची गोष्ट युरोपातून येऊन लोकांच्या मनात सेलमला चिकटली आहे.

आरोपांची सुरुवात झाली ती सेलम गावठाणात, म्हणजे सेलम व्हिलेजमध्ये. ही वस्ती बंदरापासून वेगळी, शेतकऱ्यांची. आज तिचे नाव डॅन्व्हर्स आहे. खटले चालले आणि फाशी झाली ती सेलम शहरात. गावठाणाने पुढे नाव बदलून घेतले, शहराने बदनामी स्वीकारली आणि नंतर तिचा धंदा केला. पहिल्या आरोपींपैकी टिटुबा ही पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातली गुलाम स्त्री. कागदपत्रांत तिला 'इंडियन' म्हटले आहे. तो शब्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठीचा आहे. तिचा आपल्या देशाशी संबंध जोडू नये.

या खटल्यांतली सर्वांत भयंकर बाब म्हणजे पुराव्याची रीत. 'अमक्या बाईची छायाकृती रात्री येऊन मला छळते' असे मुलीने सांगितले की ते न्यायालय ग्राह्य धरी. बाई त्या वेळी स्वतःच्या घरात झोपलेली होती, या म्हणण्याला मग अर्थ उरत नसे. त्यातून एक विचित्र न्याय तयार झाला. ज्यांनी गुन्हा कबूल केला ते बहुतेक वाचले; टिटुबाही कबुली देऊन वाचली. ज्यांनी खोटे बोलण्यास नकार दिला ते फासावर गेले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले. 1697 मध्ये सॅम्युएल सीवॉल या न्यायाधीशाने चर्चमध्ये सर्वांसमोर उभे राहून आपला दोष मान्य केला. 1711 मध्ये अनेकांची शिक्षा रद्द ठरवून वारसांना भरपाई देण्यात आली. परंतु सगळ्यांची नावे त्यात नव्हती. उरलेल्यांपैकी काहींना 1957 मध्ये, काहींना 2001 मध्ये निर्दोष ठरवले गेले. एलिझाबेथ जॉन्सन ही शेवटची. तिचे नाव 2022 मध्ये धुऊन निघाले आणि त्यासाठी पाठपुरावा केला तो एका शाळेतील आठवीच्या मुलांनी. एक अन्याय पूर्णपणे मान्य करायला समाजाला तीनशे तीस वर्षे लागतात, हा हिशोब ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

फाशीची नेमकी जागाही शहर विसरले होते. ती एका टेकडीच्या पायथ्याशी, 'प्रॉक्टर्स लेज' येथे असल्याचे संशोधकांनी 2016 मध्ये निश्चित केले आणि पुढच्या वर्षी तिथे साधे स्मारक झाले. शहराच्या मध्यभागी जुन्या दफनभूमीला लागून दुसरे स्मारक आहे. 1992 मध्ये, त्रिशताब्दीच्या वर्षी, एली वीझेल यांच्या हस्ते त्याचे अर्पण झाले. दगडी भिंतीतून पुढे आलेली वीस बाके, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूची तारीख. उंबरठ्याच्या दगडांत बळींची निरपराधित्वाची विधाने कोरली आहेत आणि ती भिंतीखाली मध्येच तुटतात. त्या काळी त्यांचे बोलणे जसे मध्येच तोडले गेले, तशीच.

या गंभीर स्मारकांच्या आजूबाजूला मात्र ऑक्टोबरभर जत्रा असते. 1982 पासून हॅलोविनचा उत्सव भरतो आणि एकट्या ऑक्टोबरात दहा लाखांच्या घरात माणसे येतात. शहराची वस्ती आहे सुमारे 44 हजार. एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या हसऱ्या चेटकिणीचा पुतळाही चौकात उभा आहे. ज्या वीस जणांनी 'आम्ही चेटूक केलेले नाही' असे मरेपर्यंत सांगितले, त्यांच्या गावाची ओळख आज चेटकीण आहे.

गोदी

खटल्यांनंतर सुमारे शंभर वर्षांनी सेलमचा खरा वैभवकाळ आला. 1790 च्या पहिल्या शिरगणतीत लोकसंख्या 7,921. तेवढ्यावरही ते अमेरिकेतले सहाव्या क्रमांकाचे शहर होते. स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटिश वेस्ट इंडीजची बंदरे अमेरिकी जहाजांना बंद झाली. तेव्हा इलायस हॅस्केट डर्बी या जहाजमालकाने आपली गलबते पूर्वेकडे वळवली. त्याचे 'ग्रँड टर्क' कँटनला जाऊन 1787 मध्ये परतले. त्याचा मुलगा 'अटलांटिक' हे जहाज घेऊन निघाला. सुरत, मुंबई आणि कलकत्ता या बंदरांत अमेरिकेचे निशाण प्रथम याच जहाजाने फडकवले, अशी नोंद सेलमच्या जुन्या इतिहासकारांनी केली आहे. 1789 च्या जून महिन्यात डर्बीचे 'पेगी' हे जहाज मुंबईचा कापूस घेऊन सेलमला लागले.

या शेवटच्या नोंदीपाशी मी बराच काळ थांबलो. अमेरिकेने भारतातून कापूस आणावा, हे आज उलटे वाटते. पण व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र निघायला अजून चार वर्षे होती आणि दक्षिणेकडची गुलामांच्या श्रमावरची कापसाची शेती फोफावायची होती. मुंबईचा कापूस सेलमला फार काळ गेला नाही. तिथल्या व्यापाऱ्यांना हवे होते ते बंगालचे तयार कापड, साखर आणि नीळ, म्हणून जहाजांचा ओढा कलकत्त्याकडे राहिला. जे करारामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बंदरांशी थेट व्यापार करण्याची मुभा अमेरिकी जहाजांना मिळाली आणि ही ये-जा वाढली. 1796 मध्ये कॅप्टन जेकब क्राउनिनशील्ड याने 'अमेरिका' नावाच्या जहाजातून बंगालमधला एक हत्ती न्यूयॉर्कला उतरवला. अमेरिकेने पाहिलेला हा पहिला हत्ती. पुढे तो सेलमलाही दाखवण्यात आला. त्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्याचे नाव नथॅनियल हॅथॉर्न. प्रसिद्ध कादंबरीकाराचे हे वडील.

1799 मध्ये सेलमच्या नाविकांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नपलीकडे कप्तान वा मालप्रमुख म्हणून जाऊन आलेल्यालाच सभासद होता येई. प्रत्येकाने प्रवासाची रोजनिशी आणि जमल्यास एखादी नवलाची वस्तू आणून द्यायची. या वस्तूंचे संग्रहालय झाले. 1825 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या उपस्थितीत त्याच्या दालनाचे उद्घाटन झाले, आणि आजच्या पीबॉडी एसेक्स म्युझियमचा तोच गाभा आहे. तिथल्या पहिल्या काही वस्तूंत मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आणि पोशाख आहेत. मुंबईत येणाऱ्या अमेरिकी कप्तानांचे ते दलाल. माल ठरवणे, उधारी, भाव, सगळे त्यांच्या हातून होई. एका हिंदी व्यापाऱ्याला त्याच्या नावानिशी अमेरिकी संग्रहालयात जागा मिळाली ती दोनशे वर्षांपूर्वी. याच म्युझियमला पुढे हर्विट्झ दांपत्याने जमवलेली आधुनिक भारतीय चित्रे मिळाली आणि पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन वाडियांच्या शेजाराला आले.

या गौरवाची दुसरी बाजूही याच काळच्या कागदांत आहे. सेलमचे पाद्री विल्यम बेंटली रोजनिशी लिहीत. मद्रासचा एक माणूस आपण प्रथमच पाहिला, अशी नोंद 1790 च्या डिसेंबरात त्यांनी केली. पुढे मरीन सोसायटीच्या वार्षिक मिरवणुकीचे वर्णन येते : पालखी, आणि ती वाहणारे हिंदी पोशाख घातलेले कृष्णवर्णीय सेलमकर. हिंदुस्थानचे वैभव गावाला दाखवायचे, पण ओझे वाहायला आपल्याच गावातली काळी माणसे घ्यायची.

1807 ची व्यापारबंदी आणि 1812 चे युद्ध यांनी हा व्यापार मोडला. जहाजे मोठी झाली आणि सेलमचे उथळ बंदर त्यांना पुरेना. बोस्टन व न्यूयॉर्क पुढे गेले. आज सुमारे अर्धा मैल लांबीची डर्बी गोदी आणि तिच्यासमोरचे 1819 चे कस्टम हाऊस राष्ट्रीय वारसास्थळ आहे. व्यापार ओसरल्यावर, 1846 ते 1849 या काळात, याच कस्टम हाऊसमध्ये नथॅनियल हॉथॉर्न अधिकारी होता. नोकरी गेल्यावर त्याने 'द स्कार्लेट लेटर' लिहिली. 1692 च्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हे त्याचे खापरपणजोबा. लेखकाने आडनावात एक अक्षर वाढवून घेतले, पण पूर्वजाचे ओझे काही उतरले नाही. त्याच्या लेखनात ते जागोजागी जाणवते.

या बंदरातला आणखी एक माणूस मला फार जवळचा वाटतो. नथॅनियल बाउडिच दहाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला आणि जहाजांना सामान पुरवणाऱ्या दुकानात उमेदवारीला लागला. न्यूटन वाचण्यासाठी तो स्वतः लॅटिन शिकला. एका आयरिश रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथसंग्रह युद्धकाळात खाजगी लढाऊ जहाजाने पकडून आणला होता. त्या पुस्तकांवर या मुलाचे शिक्षण झाले. नौकानयनाच्या प्रचलित कोष्टकांतल्या हजारो चुका त्याने दुरुस्त केल्या आणि 1802 मध्ये काढलेला त्याचा ग्रंथ पुढे पिढ्यान्‌पिढ्या खलाशांच्या हाती राहिला. पदवी नसलेल्या अभ्यासकाला असा माणूस आधार देतो.

बाक

6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी धर्मप्रसारासाठी दीक्षा देण्यात आली : गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, ॲडोनिरम जडसन आणि ल्यूथर राइस. अमेरिकेने समुद्रापार पाठवलेले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी. चर्चची आजची इमारत विसाव्या शतकातली आहे, पण त्या दिवशी पाच जण ज्यावर बसले होते ते बाक जपून ठेवलेले आहे. तेरा दिवसांनी न्यूएल आणि जडसन पत्नींसह 'कॅरव्हॅन' या जहाजातून सेलमहून निघाले. हे काही मिशनचे जहाज नव्हते. पिकरिंग डॉज या व्यापाऱ्याचे मालवाहू जहाज कलकत्त्याला चालले होते, त्यात यांना जागा मिळाली. व्यापाराने पाडलेल्या वाटेनेच धर्म निघाला. बाकीचे फिलाडेल्फियाहून निघाले.

कलकत्त्यात कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. त्यातच ब्रिटन व अमेरिकेत युद्ध पेटले. हॉल आणि नॉट निसटून फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला आले. तिथूनही हद्दपारीची तयारी झाली होती, पण गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी त्यांना राहू दिले. न्यूएलची पत्नी हॅरिएट वाटेत मॉरिशसला वारली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. न्यूएल एकटाच मुंबईला पोहोचला आणि 1821 मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. हॉलही 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानेच वारला. त्यांची धर्मांतराची कमाई तुटपुंजी होती. मात्र छापखाना आला, मराठी मजकूर छापला जाऊ लागला आणि 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली.

पुढचा भाग आपल्या परिचयाचा आहे. 1827 मध्ये सिंथिया फॅरार मुंबईला आल्या आणि नंतर अहमदनगरला गेल्या. तिथली त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव जोडले जाते. 1842 मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू झाला. फॅरारबाई काही सेलमच्या नव्हत्या. सेलमच्या बाकावरून थेट भिडेवाड्यात उडी मारणेही बरोबर नाही. फुल्यांचे काम त्यांचे स्वतःचे होते आणि ते मिशनच्या मर्यादेपलीकडे गेले. पण ज्या संस्थेने फॅरारबाईंना पाठवले, तिचे पहिले पाऊल या बंदरातून पडले, एवढे निश्चित.

गिरणी

व्यापार गेल्यावर सेलमने कापडाचा आसरा घेतला. 1839 मध्ये स्थापन झालेल्या नॉमकीग स्टीम कॉटन कंपनीची गिरणी 1847 मध्ये बंदराच्या काठावर उभी राहिली. या गिरणीने मूळ रहिवाशांचे गावाचे नाव घेतले आणि कापूस घेतला तो दक्षिणेकडच्या गुलामांनी वेचलेला. डर्बीच्या जहाजातून मुंबईचा कापूस आला त्याला तेव्हा साठ वर्षेही झाली नव्हती.

याच सेलममध्ये रिमंड कुटुंब राहत होते. जॉन रिमंड कुरासाओ बेटावरून आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. हॅमिल्टन हॉलमध्ये गावातल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांचे काम त्यांच्याकडे असे. त्यांच्या मुलींना मात्र वर्णामुळे शाळा सोडावी लागली. सेलमच्या शाळांतला वर्णभेद 1844 मध्ये संपला, तो कृष्णवर्णीय पालकांच्या चिकाटीमुळे. मुलगा चार्ल्स लेनॉक्स रिमंड आणि मुलगी सेरा पार्कर रिमंड हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे नामवंत वक्ते झाले. 1859 मध्ये सेराने मँचेस्टरला जाऊन गिरणीवाल्यांच्या गावातच सांगितले की तुमचा कापूस कोणाच्या घामाचा आहे. दोनच वर्षांनी यादवी युद्धाने अमेरिकी कापूस अडवला, मँचेस्टरने मुंबईकडे धाव घेतली आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला; 1865 मध्ये तो ओसरताना अनेक पेढ्या बुडाल्या. आणि 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या अर्पणपत्रिकेत व्यक्तींची नावे नाहीत. पण ती वाचताना मला आता सेलमची ही भावंडे दिसतात. शाळेतून बाहेर काढलेली मुलगी आणि मुलींसाठी शाळा काढणारा माणूस यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. दोघांचा लढा मात्र एकाच गोष्टीशी होता.

25 जून 1914 रोजी एका चामड्याच्या कारखान्यात लागलेल्या आगीत सेलमच्या सुमारे 1,400 इमारती जळाल्या आणि वीस हजारांच्या आसपास माणसे बेघर झाली. गिरणीही गेली. ती पुन्हा उभी राहिली, 1933 मध्ये कामगारांनी तिथे मोठा संप केला आणि 1953 मध्ये ती बंद पडली. आज तिच्या इमारतींत कचेऱ्या आणि छोटे उद्योग आहेत. शेजारच्या 'द पॉइंट' या वस्तीत पूर्वी फ्रेंच कॅनडातून आलेले गिरणी कामगार राहत. आता तिथे डॉमिनिकन कुटुंबे अधिक आहेत. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

मुद्रेवरच्या छत्रीवाल्या पुरुषाबद्दल अलीकडे सेलममध्ये चर्चा सुरू आहे. ज्या देशांशी व्यापार केला त्यांच्याविषयीचा आदर त्यात आहे असे काही म्हणतात. तो नुसता नमुनेदार 'पौर्वात्य' आहे, त्याला नाव ना गाव, असे इतरांचे म्हणणे आहे. मला दुसरा मुद्दा पटतो, पण म्हणून तो पुसून टाकावा असे वाटत नाही. चित्र पुसले तर समुद्रापलीकडची माणसे शहराच्या मुद्रेवरून जातील आणि झाडूवरची चेटकीण तेवढी उरेल. सेलमने 1692 च्या बळींना प्रत्येकाचे नाव कोरलेला दगड दिला, भले तीनशे वर्षांनी दिला. नसरवानजी माणेकजींना नाव आहे, बाकावरच्या पाचांना आहे, रिमंड भावंडांनाही आता मिळू लागले आहे. मद्रासहून आलेल्या त्या माणसाला, पालखी वाहणाऱ्यांना आणि 'पेगी'त भरलेला मुंबईचा कापूस वेचणाऱ्यांना ते अजून मिळालेले नाही. मद्रासच्या आणि पालखीच्या माणसांचा माग सेलमच्या दप्तरांत काढावा लागेल. कापूस वेचणाऱ्यांचा शोध मात्र आपल्याकडचा आहे. तो आपल्याच दप्तरखान्यांत घ्यायला हवा.